परग्रहस्थांस माणसाचें तोंड कां?

विज्ञानकथा आतां मराठी घराला परकी राहिलेली नाहीं. मुलें पडद्यावर परग्रहावरील प्राणी पाहतात, आणि शेजारीं बसलेल्या आजी-आजोबांनाही ते पाहावे लागतात. या प्राण्यांविषयीं एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येते, पण तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. हे पाहुणे लाखों कोटि मैलांवरील ताऱ्यापासून आलेले असतात. त्यांचा सूर्य निराळा, हवा निराळी, पाणी निराळें. आणि तरीही त्यांना दोन डोळे, मध्यें एक नाक, नाकाखालीं तोंड, दोन हात व दोन पाय असतात. फरक काय तो इतकाच, कीं कान जरा टोकदार, कपाळावर दोन-चार वळ्या, नाहीं तर कातडी हिरवी. असा प्राणी खरोखरी असूं शकेल काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु त्याच्या पोटीं दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मुळींच पोरकट नाहीं. ज्याचें तोंड आपल्यासारखें नाहीं, त्याच्या ठिकाणीं मन आहे हें आपण ओळखावें कशावरून?

परलोकींच्या रहिवाशांस माणसाच्या रूपांत दाखविण्याची युक्ति आजची नव्हे. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस दमयंतीच्या स्वयंवराचा प्रसंग आठवेल. इंद्र, अग्नि, वरुण व यम हे चौघेही नलाचें रूप घेऊन मंडपांत बसले, आणि एकाऐवजीं पांच नल पाहून ती राजकन्या गोंधळून गेली. शेवटीं तिनें देवांचीच करुणा भाकली, तेव्हां त्यांनीं आपलीं लक्षणें प्रकट केलीं. त्यांस घाम नव्हता. पापण्या लवत नव्हत्या. माळा टवटवीत होत्या. अंगावर धूळ नव्हती. पाय भुईला टेकलेले नव्हते. खऱ्या नलाची मात्र सावली पडली होती आणि त्याच्या गळ्यांतील फुलें कोमेजलीं होतीं. अमेरिकेंतील ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका १९६६ सालीं सुरू झाली. तींतील मिस्टर स्पॉकच्या कानांस टोंकें चिकटविणारा रंगभूषाकार याहून निराळें कांहीं करीत नव्हता. मूळ आकृति माणसाची ठेवावयाची, आणि ‘हा आपल्यांतला नव्हे’ असें सांगणारी एखादी खूण तिच्यावर लावावयाची. भेद एवढाच, कीं देवांनीं तें रूप बुद्ध्या घेतलें होतें. स्पॉकचें रूप जन्मजात आहे असें आपणांस मानावें लागतें.

या युक्तीमागें पैशाची अडचण होती हें उघड आहे. नटाला माणसाचेंच शरीर असतें. त्याला बारा पायांचा प्राणी करावयाचा तर खर्च येतो, आणि दर आठवड्यास नवा ग्रह दाखविणाऱ्या मालिकेला तो झेपत नाहीं. याच मालिकेंत माणसें यानांत अदृश्य होतात व ग्रहावर प्रकट होतात. यान उतरविण्याचा देखावा महाग पडे म्हणून ती कल्पना पुढें आली. तींतील क्लिंगॉन नांवाचे शत्रु पहिल्या मालिकेंत, म्हणजे १९६९ पर्यंत, साध्या माणसांसारखे दिसत. १९७९ च्या चित्रपटाला भरपूर पैसा मिळाला, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे कंगोरे उगवले. उत्क्रांतीचें इतकें द्रुतगति उदाहरण जीवशास्त्रांत दुसरें सांपडणार नाहीं!

पण सगळाच दोष पैशावर टाकणें न्याय्य होणार नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत नुसत्या डोळ्यांच्या ३६ दृष्टि सांगितल्या आहेत. ज्या पात्राला डोळेच नाहींत त्यानें अभिनय करावा कशानें, आणि प्रेक्षकाच्या मनांत रस उत्पन्न व्हावा कसा? वाल्मीकींनीं कबंध निर्माण केला: त्याला डोकें नाहीं, तोंड पोटांत, डोळा छातीवर, आणि बाहु योजनभर लांब. आजच्या कोणत्याही विज्ञानकथेंत शोभेल असा तो प्राणी आहे. परंतु सुग्रीवाशीं सख्य करावें हा सल्ला तो रामाला केव्हां देतो? त्याचें तें विद्रूप शरीर चितेवर जळून त्याला पूर्वींचें दिव्य रूप प्राप्त होतें, त्यानंतर. शहाणपणाचें बोलणें सुरूप मुखांतूनच यावें, अशी त्या प्रतिभावंतासही गरज भासली असावी असें आम्हांस वाटतें.

इ. स. पूर्वीं सहाव्या-पांचव्या शतकांत होऊन गेलेल्या झेनोफानिस या ग्रीक तत्त्वज्ञानें या खोडीवर नेमकें बोट ठेविलें होतें. बैलांस आणि घोड्यांस हात असते व त्यांस चित्रें काढतां आलीं असतीं, तर बैलांनीं बैलासारखे व घोड्यांनीं घोड्यासारखे देव काढले असते, अशा आशयाचें त्याचें वचन आहे. तें त्यानें देवांविषयीं म्हटलें. परग्रहस्थांस तें जसेंच्या तसें लागू पडतें. पुढें दुर्बीण आली, ग्रह म्हणजे पृथ्वीसारखे गोल आहेत हें कळलें, आणि तेथें कोण राहत असेल याचा तर्क विद्वान् करूं लागले. केप्लरचें ‘सोम्नियम’ हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत चंद्रावरील प्राणी प्रचंड, सर्पस्वभावी व अल्पायुषी कल्पिलेले आहेत; कारण चंद्रावरचा दिवस आपल्या पंधरवड्याएवढा, आणि त्या उन्हाथंडींत आपल्यासारखें शरीर टिकणार नाहीं हें केप्लरनें जाणलें होतें. त्याच्या उलट ह्यूगेन्स. शनीच्या कड्याचें खरें स्वरूप ओळखणाऱ्या या डच ज्योतिर्विदाचा ‘कॉस्मोथेओरोस’ हा ग्रंथ १६९८ सालीं निघाला. इतर ग्रहांवरील लोक आकाशाचे वेध घेत असणार, वेध घ्यावयाचे तर यंत्रें हवींत, आणि यंत्रें करावयाचीं तर हात हवेत, अशी त्याची विचारसरणी. बुद्धि माणसाच्याच कुडींत राहूं शकते ही समजूत त्याला मान्य नव्हती, तरी त्याचे ग्रहवासी अखेर हातपाय असलेले व ताठ उभे राहणारेच झाले. स्वतः वेध घेणाऱ्यानें कल्पिलेला परग्रहस्थ वेध घेणाराच असावा, यांत नवल नाहीं.

माणसाचें रूप धैर्यानें टाकून दिलें तें एच. जी. वेल्सनें. तो लंडनमध्यें हक्सलेच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकला होता, आणि १८९८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरींत तें शिक्षण दिसून येतें. त्याचे मंगळवासी म्हणजे चार फूट व्यासाचें एक वाटोळें डोकें. त्याला मोठे काळेभोर डोळे, चोंचीसारखें तोंड, आणि तोंडाभोंवतीं आठ-आठच्या दोन जुडग्यांत सोळा शुंडा. नाक नाहीं, जठर नाहीं. तथापि या प्राण्यांचे पूर्वज आपल्यासारखेच असावेत, आणि यंत्रांमुळें इतर अवयव झडून मेंदू व हात तेवढे उरले असावेत, अशी पुस्तीही तो जोडतो. म्हणजे माणूस टाकला, पण त्याची वंशावळ सोडवली नाहीं.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञानें १९६४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक निबंध लिहिला, आणि विश्वांत इतरत्र मनुष्यसदृश प्राणी भेटण्याची आशा जवळजवळ व्यर्थ आहे असें प्रतिपादिलें. त्याचें म्हणणें समजण्यास कठीण नाहीं. उत्क्रांति हा इतिहास आहे. इतिहासांतील प्रत्येक घटना आधींच्या घटनेवर उभी असते, आणि मधला एक दुवा बदलला तर पुढचें सगळेंच बदलतें.

आपल्या हाताचेंच उदाहरण घ्या. पाण्यांतून जमिनीकडे वळलेले आपले दूरचे पूर्वज सुमारें ३६ कोटि वर्षांपूर्वींचे. त्यांचे ग्रीनलंडांत सांपडलेले जीवाश्म पाहिले तर अकँथोस्टेगाच्या हाताला आठ बोटें आहेत, आणि इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. पुढें पांच हाच आंकडा टिकला. तो टिकला नसता आणि आठाचा टिकला असता, तर आम्ही दशमानाऐवजीं सोळांच्या मानानें मोजत बसलों असतों, आणि पाढे पाठ करून घेणाऱ्या मास्तरांची कंबक्ती ओढवली असती. चार अवयवही असेच. ज्या माशांपासून आपण उतरलों त्यांच्या परांच्या दोन जोड्या होत्या म्हणून आपले हात-पाय मिळून चार. तीन जोड्या असत्या तर आज सहा अवयव असते, आणि चित्रकारांनीं चतुर्भुज देव काढला असता तो साध्या माणसाचें चित्र म्हणून.

हनुवटीची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. खालच्या जबड्यापुढें आलेलें हें हाडाचें टोंक माकडांस नाहीं, वानरांस नाहीं, आणि आपले अगदीं जवळचे भाऊबंद जे निअँडरथल, त्यांसही नव्हतें. तें आपल्यासच कां असावें, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं. जी हनुवटी निअँडरथलाला लाभली नाहीं, ती व्याधाच्या ताऱ्याजवळून आलेल्या पाहुण्याला मात्र हटकून असते!

या साखळींतील सर्वांत मोठा अपघात ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. मेक्सिकोच्या यूकातान किनाऱ्यावर एक अशनि आदळला, आणि पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर नष्ट झाले. तो चुकून बाजूनें गेला असता तर? कॅनडाच्या ओटावा येथील संग्रहालयांतील डेल रसेल या जीवाश्मतज्ज्ञानें १९८२ सालीं या प्रश्नाचें उत्तर पुतळ्याच्या रूपानें दिलें. मोठ्या मेंदूच्या एका लहान डायनोसॉरचा वंश पुढें वाढता तर कसा दिसता, हें त्यानें करवून दाखविलें. शेपूट गेलेली, पाठ ताठ, डोकें वाटोळें, डोळे टपोरे, हाताला तीन बोटें. थोडक्यांत, खवल्यांचा माणूस. इतर तज्ज्ञांनीं त्यावर टीका केली, आणि ती आम्हांस रास्त वाटते. बुद्धि वाढली म्हणजे पाठ ताठ होते आणि शेपूट गळते, हा नियम कोणी केला? डायनोसॉरांचे खरेखुरे बुद्धिमान् वंशज आपल्या परसांतच आहेत. पिंडाला शिवावा म्हणून पितृपक्षांत आपण ज्याची मनधरणी करतों तो कावळा त्यांच्यापैकींच. पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटावरचे त्याचे जातभाई काटक्यांना आंकडे करून त्यांनीं लाकडांतले किडे ओढून काढतात. त्यांची बुद्धि वाढली, पण चोंच चोंचच राहिली आणि पंख पंखच.

प्रतिपक्षाचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें दुबळें नाहीं. शार्क हा मासा, इक्थिओसॉर हा लुप्त झालेला सरपटणारा प्राणी, आणि डॉल्फिन हा सस्तन. तिघांचे कुळाचार भिन्न, पण वेगानें पोहावयाचें म्हणून तिघांचीही काया एकाच साच्यांतून काढल्यासारखी. टास्मानियांत पिशवीवाल्या प्राण्यांच्या कुळांत एक लांडगा झाला होता; त्यांतला शेवटचा १९३६ सालीं होबार्टच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. खऱ्या लांडग्याशीं त्याचें नातें कांगारूइतकेंच, आणि कवटी पाहावी तर जाणत्यानेंही फसावें. केंब्रिजचे सायमन कॉनवे मॉरिस यांनीं अशीं शेंकडों उदाहरणें जमवून २००३ सालीं ‘लाइफ्स सोल्यूशन’ हा ग्रंथ लिहिला, आणि आपल्यासारखी बुद्धि उत्क्रांतीच्या ओघांत जवळजवळ अटळच आहे असा पक्ष मांडला. त्यापूर्वीं, १९८९ सालीं, स्टीफन जे गूल्ड यांनीं ‘वंडरफुल लाइफ’मध्यें नेमका उलट सिद्धांत सांगितला होता: जीवसृष्टीची फीत पुन्हां आरंभापासून वाजविली तर माणूस पुन्हां निघणार नाहीं. गंमत अशी, कीं गूल्ड यांनीं आधार घेतला तो बर्जेस शेल या कॅनडांतील दगडांतल्या जीवाश्मांचा, आणि त्या जीवाश्मांवर ज्यांनीं मूळ काम केलें त्यांत कॉनवे मॉरिस हेच एक होते.

आमच्या मतें दोघांच्या बोलण्यांत सत्याचा वांटा आहे, पण पडद्यावरच्या पाहुण्यास त्यांतून फारसा आधार मिळत नाहीं. हालचाल करणाऱ्या प्राण्याला पुढची बाजू असणार. तोंड, डोळे आणि मेंदू त्या बाजूला गोळा होणार. यंत्र करावयाचें तर पकडण्याचें कांहीं साधन लागणार. इतकें मान्य. परंतु पकडण्याचें काम हत्ती नाकानें करतो आणि कावळा चोंचीनें. ‘डोळे असतील’ यावरून ‘भुंवया असतील’ हें निष्पन्न होत नाहीं. एक-एक अवयव संभवनीय असला तरी सगळे मिळून तेच, त्याच क्रमानें आणि त्याच मापानें, दुसऱ्या ग्रहावर यावेत हें घडणें नाहीं.

स्पॉकच्या बाबतींत तर आणखी पुढची मजल आहे. त्याचा पिता परग्रहस्थ आणि माता मानवी. घोडा व गाढव हे सगेसोयरे असूनही त्यांची संतति जें खेंचर, तें वांझ निघतें. माणूस आणि आंब्याचें झाड यांचासुद्धां फार फार मागें कोठें तरी एक पूर्वज होता. परग्रहस्थाशीं तेवढेंही नातें नाहीं. ही विसंगति लेखकांस ठाऊक होती. म्हणून याच मालिकेच्या पुढच्या पिढींत, १९९३ सालीं, एका भागांत खुलासा आला, कीं ४०० कोटि वर्षांपूर्वीं एका प्राचीन जातीनें अनेक ग्रहांच्या पाण्यांत आपलें बीज पेरलें आणि त्यांतून सर्व मनुष्याकृति निपजल्या. कथा म्हणून ठीक आहे. पण यूकातानचा अशनि त्या बीजांत कसा लिहिलेला असेल?

जिवाणु अवकाशांतून पृथ्वीवर येत असावेत, हा पक्ष फ्रेड हॉइल यांनीं गंभीरपणें मांडला होता. त्यांचे केंब्रिजमधील शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें भारतांत फुग्यांतून उंचावरच्या हवेचे नमुने घेण्यांत आले, आणि त्यांत सांपडलेल्या एका जिवाणूला हॉइल यांचें नांवही देण्यांत आलें. परंतु जिवाणूंत हनुवटीचा आराखडा नसतो. हें हॉइल यांस कोणी सांगावयास नको होतें. १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरींत त्यांनीं कल्पिलेला परग्रहस्थ म्हणजे सूर्याजवळ येऊन थांबलेला एक अफाट काळा मेघ. तो विचार करतो, बोलतो, आणि घट्ट ग्रहाच्या पाठीवर बुद्धि नांदूं शकते हें कळल्यावर त्यालाच आश्चर्य वाटतें! झेनोफानिसच्या बैलांत आतां एका मेघाची भर पडली. नारळीकरांनीं मराठींत कथा लिहिल्या. १९७९ मधील त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचें नांव ‘यक्षांची देणगी’. परक्यासाठीं ‘यक्ष’ हा शब्द आपल्या भाषेंत तयारच होता.

आरंभीं ज्या दुसऱ्या प्रश्नाचा उल्लेख केला त्याकडे आतां येऊं. गीतेंत आत्मौपम्याची दृष्टि सांगितली आहे: दुसऱ्याचें सुखदुःख स्वतःवरून जाणावें. ती लागू करण्यास बाह्य रूपाचें साम्य पाहिजे काय? आणि साम्य असलें तर ती आपोआप लागू होते काय? वेल्सनें आपल्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत याचें उत्तर दिलें आहे. मंगळवासीयांस निर्दय म्हणण्यापूर्वीं आपण टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचें काय केलें तें आठवावें, असें तो आपल्या इंग्रज वाचकांस बजावतो. ते लोक सर्वथा माणसेंच होते; हनुवटीसकट. त्यांचे वंशज आजही आहेत, परंतु एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं त्या समाजाचा जो संहार केला त्याला चेहऱ्याचें साम्य आड आलें नाहीं.

उलट अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस. कोंकणच्या बाजारांत ज्याला माकूल म्हणतात त्याचा हा आप्त. त्याचा व आपला समान पूर्वज ५० कोटि वर्षांहूनही मागचा, एखाद्या क्षुद्र कृमीसारखा. त्यानंतर दोन्ही घराणीं निराळीं झालीं. अष्टपादाला तीन हृदयें आहेत. त्याचें रक्त निळें. सुमारें ५० कोटि चेतापेशींपैकीं निम्म्याहून अधिक डोक्यांत नसून बाहूंत. मात्र डोळा आपल्या डोळ्यासारखा, आणि एका बाबतींत सरस, कारण आपल्या दृष्टिपटलावर जो आंधळा बिंदु असतो तो त्याच्या डोळ्यांत नाहीं. तो बरणीचें झांकण उघडतो, वाट लक्षांत ठेवतो, सांभाळणाऱ्या माणसांतही फरक करतो. असा प्राणी दुःख भोगतो कीं नाहीं, याचा विचार लंडनमधील विद्वानांनीं ३०० हून अधिक शास्त्रीय अभ्यास तपासून केला, आणि २०२२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें प्राण्यांच्या संवेदनेविषयींचा कायदा करतांना अष्टपाद, माकूल, खेंकडे व शेवंडे यांचाही त्यांत समावेश केला. सरकारी धोरण ठरतांना यांच्या सुखदुःखाचा विचार झाला कीं नाहीं, हें पाहणारी समिति त्या कायद्यानें नेमली आहे. ज्याला चेहराच नाहीं अशा खेंकड्यापर्यंत आत्मौपम्य पोंचलें, आणि तें रूपसाम्यामुळें नव्हे तर पुराव्यामुळें.

सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून अधिक ग्रह आज नोंदले गेले आहेत. जीव एकावरही सांपडलेला नाहीं. तोंवर कथाच वाचावयाच्या, तर त्यांतली एक आमच्यासारख्या व्याकरण शिकविण्यांत जन्म गेलेल्यांनीं अवश्य वाचावी. टेड च्यांग या अमेरिकन लेखकाची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही १९९८ सालची दीर्घकथा. तिच्यावरून २०१६ सालीं ‘अरायव्हल’ हा चित्रपट निघाला. तिच्यांतील परग्रहस्थांस सात पाय आहेत, आणि शरीराच्या माथ्याभोंवतीं सात डोळे. त्यांस पापण्या नाहींत. देवांचे डोळे लवत नव्हते, यांचेही लवत नाहींत. पण साम्य तेथेंच संपतें. चहूंकडे सारखेंच पाहणाऱ्या या शरीराला पुढली बाजू नाहीं, मागली बाजू नाहीं, आणि म्हणून त्यांच्या लेखनालाही आरंभ व शेवट नाहीं. भारवीच्या पंधराव्या सर्गांत सर्वतोभद्र नांवाचा चित्रबंध आहे. तो कोणत्याही बाजूनें वाचला तरी तोच श्लोक मिळतो. भारवीनें जें एकदां कसरत म्हणून केलें, तें या प्राण्यांच्या नित्याच्या लिहिण्याशीं थोडेंबहुत जुळतें. त्यांची भाषा समजून घेण्यासाठीं लुईझ बँक्स नांवाच्या एका भाषाशास्त्रज्ञ बाईंस बोलावण्यांत येतें. कांहीं दिवसांनीं त्या सात डोळ्यांची त्यांस संवय होऊन जाते. समोर उमटलेलें वाक्य कोणत्या टोंकापासून वाचावयास घ्यावें, येथें मात्र बाई पुष्कळ काळ अडून राहतात.